खिशाचा दरवाजा

थोरलीला त्या गल्लीत पाऊलच टाकायचं नव्हतं. पण तिची धाकटी जाऊ एकदा हट्टाला पेटली की पेटली. लेकाच्या होणाऱ्या सासरच्यांना भेट म्हणून इथलं काहीतरी अस्सल, हाताने केलेलं न्यायचं होतं, आणि जुन्या बाजारातली निम्मी दुकानं पालथी घालूनही बाईसाहेबांच्या मनासारखं काही मिळेना. पाय दुखतायत, असं थोरलीने सांगून पाहिलं. पलीकडे चहा चांगला मिळतो, असंही सांगून पाहिलं. तोवर धाकटी कोपऱ्यावरच्या दुकानाची पायरी चढलीसुद्धा.

विकलं गेलं असेल केव्हाच, असं मनाशी म्हणत थोरली मागोमाग आत शिरली.

कसलं विकलं जातंय! समोरच्याच भिंतीवर, नव्याकोऱ्या चौकटीत ते चित्र ऐटीत लटकत होतं.

ते कापडी चित्र धाकटीच्या हातचं. सासू-सासरे गेल्यावर त्यांच्या कपड्यांचे तुकडे जोडून तिने शहराची जुनी वेस उभी केली होती. भिंत सासूबाईंच्या शालीची, आभाळ सासऱ्यांच्या शर्टाचं, आणि वेशीचा दरवाजा म्हणजे त्याच शर्टाचा खिसा, बटणासकट. डोळे फुटेस्तोवर बसून केलं आणि मोठ्या जावेला दिलं. थोरलीनेही तेव्हा तोंड भरून कौतुक केलं होतं. पुढे नवं घर झालं, नवे सोफे आले, आणि त्या सोफ्यांपुढे हे शोभायचं नाही असं तिच्या डोक्यात आलं. जुनी भांडी घ्यायला हाच दुकानदार घरी आला होता. भांड्यांवर तिने हेही ठेवून दिलं.

"हाताचं काम आहे, बाई. नक्की द्यायचंय ना?" त्याने विचारलं होतं.

"न्या हो, चिंध्या आहेत नुसत्या."

धाकटीला मात्र सांगितलं, सामान हलवताना हरवलं. त्या वेडीने धुळीत बसून एकेक खोकं उपसलं, डोळे पुसले, आणि वर हिचीच समजूत घातली, "जाऊ द्या ताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

आता ती चित्रापुढे खिळून उभी होती.

"ताई! अहो ताई, इकडे या! हे आपलंच आहे!"

"छे गं. अशी खूप असतात."

"खूप कुठली? हा डाग बघा. बाबांच्या शर्टावर तुम्हीच नाही का इस्त्री विसरलात? त्याचंच तर मी धुराडं केलं होतं!"

जळक्या डागाला कोण नाही म्हणणार? धाकटी तरातरा दुकानदाराकडे वळली. तो एका घड्याळाचा लंबक पुसत बसला होता.

"हे कुठून आणलंत? चोरीचा माल विकता? लाज नाही वाटत?"

दिवे बघत असलेलं एक जोडपं माना वळवून बघायला लागलं.

"चोरीचं नाही, बाई. घरी जाऊन घेतलंय."

"कुणाच्या घरी?"

दुकानदार उठला. त्याची नजर धाकटीवरून थोरलीवर गेली आणि तिथेच थांबली. त्याने तिला ओळखलं होतं. तो वाट बघत राहिला. मीच दिलं, एवढंच तर म्हणायचं होतं. थोरलीने मान खाली घातली आणि एका पितळेच्या डब्याचं झाकण उगाच उघडून पाहिलं.

"आठवत नाही," अखेर तो म्हणाला.

"बरं आठवेल! पोलिसांना सांगू का?"

ते जोडपं हातातला दिवा ठेवून चालतं झालं. दुकानदाराने चित्र उतरवलं, काच पुसली, कागदात नीट बांधलं आणि धाकटीच्या हातात दिलं.

"तुमचं आहे. न्या."

रस्त्यावर आल्यावर धाकटी पुडकं छातीशी धरून चालत होती. भेटवस्तूचं तिच्या ध्यानातही राहिलं नव्हतं.

"ताई, माणूस चोर वाटत नव्हता हो. मी जरा जास्तच बोलले का?"

अजूनही वेळ गेली नव्हती. दुकान मागे चार पावलांवर होतं.

"चोराच्या काय कपाळावर लिहिलेलं असतं?" थोरली म्हणाली. आपलाच आवाज ऐकून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प बसणं निराळं, हे तर तिने आपल्या तोंडाने त्याला चोर ठरवलं.

घरी आल्यावर धाकटीने पाणीसुद्धा घेतलं नाही. हातोडी शोधली, स्टूल ओढलं आणि नव्या सोफ्यासमोरच्या भिंतीत खिळा ठोकला. येता-जाता दिसायला हवं ना! थोरली खाली स्टूल धरून उभी राहिली.

"सरळ आहे ना, ताई?"

थोरलीला मान वर करवेना.

"सरळ आहे," ती म्हणाली.