मी शेवरबंदरची उघाडी

मित्रांनो, मी एक जुनी उघाडी आहे. उघाडी म्हणजे काय, असे तुम्ही विचाराल. खाडीच्या बांधात दगडी कमान बांधून तिला लाकडी दारे बसवतात, तिला आमच्याकडे उघाडी म्हणतात. भरती आली की पाण्याच्या रेट्याने माझी दारे आपोआप मिटतात आणि खारे पाणी बाहेर राहते. ओहोटी लागली की आतले पाणी दारांना ढकलते, ती उघडतात आणि गावात साठलेले पाऊसपाणी खाडीत निघून जाते. दिवसातून दोनदा मिटायचे आणि दोनदा उघडायचे, एवढेच माझे काम.

चौलच्या उत्तरेला खाडीकाठी शेवरबंदर नावाचे छोटे शहर आहे. त्याच्या पश्चिम टोकाला मी उभी आहे. माझ्या आतल्या बाजूला सात-आठ एकरांचे खाजण, म्हणजे सखल दलदलीची जमीन, पसरले आहे. पावसाळ्यात बाजारपेठेचे, मोहल्ल्याचे आणि कोळीवाड्याचे पाणी वाहत येऊन या खाजणात थांबते. ओहोटीची वाट पाहते. ओहोटी लागली की माझ्यातून बाहेर पडते.

माझे दगड कोणी घडवले ते मला आठवत नाही. दारे मात्र १९४७ सालची आहेत. देश स्वतंत्र झाला त्या पावसाळ्यात जुनी दारे पार कुजली होती. काळूराम सुताराने ऐनाच्या लाकडाची नवी दारे केली. पहिल्या उधाणाला ती धाडकन मिटली, तेव्हा बांधावर जमलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मला फार बरे वाटले.

तेव्हा अंबाजी नावाचा माझा राखणदार होता. तो माझ्या बिजागऱ्यांना मुशी माशाचे तेल लावायचा, दारांत अडकलेली नारळाची सोडणे आणि शेवाळ काढायचा. १९५६ साली अंबाजी वारला. त्याच्या जागी कोणी आले नाही. "उघाडी काय, आपोआप चालते," असे कोणीतरी म्हणाले आणि विषय संपला. बिजागऱ्या गंजल्या. गाळ चढला. लोक मला विसरले.

मग १९५९ साल उजाडले. शेवरबंदरला एसटीच्या गाड्या येऊ लागल्या होत्या. त्या भर बाजारात रस्त्यावरच उभ्या राहत. मासळी विकणाऱ्या बायाही रस्त्याच्या कडेला बसत. शहराला स्टँड हवा होता, मंडई हवी होती. नगराध्यक्ष अनंतराव तळमळीचे गृहस्थ होते. त्यांनी ठरवले की खाजण भरून काढायचे आणि तिथे स्टँड, मंडई, दुकाने बांधायची. बांधावरून रस्ता न्यायचा आणि मला कायमचे बुजवून टाकायचे. दसऱ्यानंतर तांबड्या मुरमाचे ट्रक येऊ लागले.

सगळ्यांना आनंद झाला. कोळीवाड्यातल्या केसरलाही झाला. केसर चाळिशीतली विधवा बाई. सुकी मासळी विकून घर चालवायची. नव्या मंडईत तिला पक्का ओटा मिळणार होता. पण दिवाळीनंतर तासभर अवकाळी पाऊस पडला. एरवी असले पाणी संध्याकाळपर्यंत निघून जाई. या वेळी ते केसरच्या अंगणात तीन दिवस उभे राहिले. वाळत टांगलेले बोंबील काळे पडले. केसर माझ्यापाशी आली, खाजणातला भराव पाहत बराच वेळ उभी राहिली आणि तिथून थेट मोहल्ल्यात फकरुद्दीनचाचांकडे गेली.

फकरुद्दीनचाचा म्हणजे सत्तरीचे म्हातारे तांडेल. मुंबई ते मलबार गलबते नेलेली. त्यांनी तिचे सगळे ऐकून घेतले.

"चाचा, तासाभराच्या पावसात ही गत. आषाढात काय व्हईल?" केसरने विचारले.

"पाऊस आणि उधाण एकाच वेळी आले, तर बाजार बुडेल," चाचा म्हणाले. "पण तुझे आणि माझे कोण ऐकणार? त्यांच्याकडे नकाशा आहे."

"मग आपन बी नकाशा काढू. भिंतींवर."

चाचांनी एका गवंड्याकडून पाणी पाहायची लांब रबरी नळी मागून आणली. नळीच्या दोन्ही टोकांना काचा होत्या. नळी कशीही वाकवली, तरी तिच्यातले पाणी दोन्ही टोकांना एकाच उंचीवर राहते. मोठ्या उधाणाला पाणी माझ्या दगडावर जिथवर चढते, ती खूण चाचांनी दाखवली. तिथून नळी लावत लावत ती दोघे शहरात शिरली. चाचा उंची पाहायचे आणि केसर कुंचल्याने भिंतीवर चुन्याची रेघ ओढायची, म्हणजे उधाणाचे पाणी किती उंच असते ते दिसावे. मशिदीच्या दुसऱ्या पायरीवर रेघ आली. मारुतीच्या देवळाच्या जोत्यावर आली. शाळेच्या खिडकीखाली आली. अनंतरावांच्या ओसरीत झोपाळ्याच्या फळीपाशी आली.

शहरात गलका उडाला. भिंती खराब केल्या म्हणून लोक चिडले. कोळीवाड्यात तर सोनाबाई केसरच्या दारात येऊन भांडली. "आयुष्यात पहिल्यांदा बसायला वटा मिळत व्हता, तो तू घालवतीस? उन्हात तू एकटीच बसतीस का गं?"

केसर म्हणाली, "वटा मला बी हवा हाय. पन पान्यात न्हाय."

त्या दिवसापासून कोळीवाड्यातल्या बायांनी तिच्याशी बोलणे सोडले. मित्रांनो, मला दगडालाही तेव्हा वाईट वाटले. माझ्यासाठी ती बाई आपल्या माणसांत एकटी पडली होती.

अनंतरावांनी केसरला आणि चाचांना घरी बोलावून घेतले. "कोणाच्या परवानगीने रेघा ओढल्या?" ते कडाडले.

"भिंत धुतली तर रेघ जाईल, अध्यक्षसाहेब," केसर म्हणाली. "पानी जायचं न्हाय."

अनंतरावांच्या आई, आवडाबाई, झोपाळ्यावर बसल्या होत्या. त्या मध्येच म्हणाल्या, "अनंता, बाई म्हणते ते खोटे असेल, तर एकदा जाऊन पाहा आणि तिला खोटी पाड. खरे असेल, तर मग पाहायलाच हवे."

फकरुद्दीनचाचा म्हणाले, "चैत्री पौर्णिमेला भर दुपारी उधाण आहे. बांधावर या. मी काही बोलणार नाही. तुम्ही फक्त पाहा."

ते आले. तळपत्या उन्हात अनंतराव माझ्या कमानीवर उभे राहिले. बाहेर खाडी तुडुंब भरली होती आणि माझ्या माथ्याखाली हातभरावर पाणी डुचमळत होते. गंजलेल्या बिजागऱ्यांवरची माझी दारे सगळा जोर लावून मिटून होती. दुसऱ्या बाजूला, खाली, खाजण आणि त्यापलीकडे बाजार होता. अनंतरावांनी एकदा खाडीकडे पाहिले, एकदा बाजाराकडे. पुन्हा खाडीकडे पाहिले.

"बाजारचा रस्ता पाण्यापेक्षा खाली आहे की हो," ते हळू आवाजात म्हणाले.

"आजच नाही, साहेब," चाचा म्हणाले. "माझ्या जन्माआधीपासून खाली आहे. या उघाडीने समुद्र अडवला आणि खाजणाने पाऊस पोटात घेतला, म्हणून आपल्याला कळले नाही."

अनंतराव घरी गेले. चार दिवसांनी नगरपालिकेची सभा भरली. त्या सभेत ते उठून म्हणाले, "योजना माझी होती. चूकही माझी आहे. स्टँड आणि मंडई माळावर बांधू. माळ लांब पडतो, पण कोरडा आहे." खाजणात दुकान मिळेल म्हणून आशा धरलेल्यांनी आरडाओरडा केला. अखेर दोन मतांनी ठराव मंजूर झाला.

पण घातलेला भराव तर काढायला हवा होता. वैशाखात मोहल्ल्यातली, पेठेतली, आगरातली माणसे घमेली घेऊन आली. अनंतरावांनी स्वतः फावडे धरले. माझा गाळ उपसला, बिजागऱ्या बदलल्या. मृग लागेपर्यंत तीन वाट्यांपैकी दोन वाटे मुरूम निघाला, एक वाटा राहिलाच.

आषाढी अमावास्येला उधाण आले आणि त्याच वेळी तीन दिवस पावसाने उसंत घेतली नाही. भरतीभर मी दारे घट्ट मिटून उभी होते. आत खाजण भरत होते. बाजारात पाणी शिरले नाही, मोहल्ल्यातही शिरले नाही. पण तो एक वाटा मुरूम राहून गेला होता, त्याने आपले काम केलेच. सर्वांत सखल असलेल्या केसरच्या झोपडीत गुडघाभर पाणी चढले. ती एकटीच सुक्या मासळीच्या पाट्या उचलत होती. तेवढ्यात पावसातून सोनाबाई आली. तिने एक पाटी डोक्यावर घेतली.

"आन, माज्या माळ्यावर ठेवू," ती म्हणाली.

"तुझा तर माझ्यावर राग हाय ना?" केसरने विचारले.

"राग हाय तो हाय. बोंबलांनी काय गुन्हा केलाय?"

दोघी हसल्या. मागोमाग आणखी बाया आल्या आणि निम्म्याहून अधिक मासळी वाचली. दुपारनंतर ओहोटी लागली, माझी दारे उघडली आणि पाणी खळाळत खाडीत गेले.

पुढे उरलेला मुरूमही निघाला. १९६२ साली माळावर स्टँड झाला, मंडई झाली. केसर आणि सोनाबाई तिथे शेजारशेजारच्या ओट्यांवर बसतात. नगरपालिकेने खाजणाची हद्द नकाशावर आखली आणि इथे भराव घालू नये असा ठराव केला. माझ्यासाठी भिकू नावाचा राखणदार नेमला. फकरुद्दीनचाचा आता नाहीत. शेवटच्या आजारपणातही ते अमावास्या-पौर्णिमेला नातीच्या खांद्यावर हात ठेवून बांधावर येत आणि माझी दारे मिटलेली पाहून परत जात.

मित्रांनो, मी या सगळ्यांची ऋणी आहे. चूक कबूल करणाऱ्या अनंतरावांचीही आहे, कारण ते सोपे नव्हते. शहरे वाढणार, स्टँड लागणार, घरे लागणार. वाढू द्या. पण मोठे होऊन तुम्ही शहराचे नकाशे काढाल, तेव्हा एखादी मोकळी जागा दिसली की ती रिकामी आहे असे लगेच समजू नका. तिथे पाणी थांबत असेल, झाडे उभी असतील, कोणाची मासळी वाळत असेल. आधी तिथे जाऊन पाहा आणि तिथल्या माणसांना विचारा. आणि चुकीचे काही होताना दिसले, तर घरी बसून हळहळू नका. मला तोंड नाही. माझ्या वतीने एक कोळीण आणि एक म्हातारा तांडेल बोलले, म्हणून शेवरबंदर आज कोरडे आहे.