फुटक्या चहादाण्यांचा तास

मामांचं एक होतं, जगातल्या कुठल्याही दुखण्याचं मूळ त्यांना पॅकिंगमध्ये सापडायचं. कुणाचं लग्न मोडलं, पॅकिंग ढिलं. कुणाची कंबर धरली, तरी तेच. तीस वर्षं चिनी मातीच्या चहादाण्या परदेशी पाठवणारा माणूस आणखी काय बोलणार म्हणा. पण हल्ली त्यांच्याच पॅकिंगची शोभा झाली होती. शंभरातल्या सात चहादाण्या वाटेत फुटायच्या, आणि समुद्रापलीकडच्या एका कारखान्याच्या दोनच. माल घेणाऱ्या परदेशातल्या बाईंनी सरळ कळवलं होतं: सहा नमुने पाठवा, एक जरी फुटला तरी आम्ही त्यांच्याकडे चाललो.

त्यातच बहिणीचा फोन आला. "दादा, तुझी भाची शाळा सोडतेय. उद्या राजीनामा देणार म्हणते. काहीतरी कर बाबा."

भाची कारखान्यामागच्या वस्तीतल्या शाळेत लागून जेमतेम तीन आठवडे झाले होते. तिथे नवा शिक्षक टिकतच नसे. वर्षात चौघे गेले, त्यातला एक तर मधल्या सुट्टीतच, डबा तिथेच टाकून. मुख्याध्यापिका नव्या माणसाच्या हातात खडूंची पेटी द्यायच्या, पाठीवर थोपटायच्या आणि आपल्या खोलीचं दार लावून घ्यायच्या. आधार म्हणाल तर एवढाच.

आणि ही पोरगी लहानपणी मामांनी आणलेल्या कानतुटक्या चहादाण्या ओळीने मांडून त्यांना पाढे शिकवायची. तिनेच शाळा सोडायची म्हटल्यावर मोडक्या मालाचं एक खोकं आणि नमुन्यांची पिशवी उचलून मामांनी तडक शाळा गाठली.

वर्गात नुसता धुडगूस चालला होता. भाची फळ्यापाशी उभी, घसा बसलेला, डोळे भरलेले. मामांनी खोकं टेबलावर आदळलं, एक चहादाणी वर धरली आणि म्हणाले, "ही फोडून दाखवा."

वर्ग चिडीचूप झाला. फोडू नका, असं त्या पोरांना जन्मापासून सांगितलेलं. फोडा म्हणणारा म्हातारा त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

"मामा, अहो काय हे," भाची घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"थांब गं. यांची आहे का ताकद, बघू."

ताकद होती. पाच मिनिटांत अकरा चहादाण्यांचा निकाल लागला. मुख्याध्यापिकांनी दार किलकिलं केलं, पाहिलं आणि पुन्हा लावून घेतलं. मग मामांनी पिशवीतून नमुन्यांच्या सहा धड चहादाण्या काढल्या. "आता या अशा बांधा, की तुमच्यासारख्यांच्या हाती पडल्या तरी फुटणार नाहीत."

झालं. जी पोरं बाकावर बूड टेकत नव्हती, ती दोन तास जमिनीवर मांडी ठोकून बसली. भाचीने वजनं मांडली, उंची मोजायला लावली, पोरं भांडून भांडून गणितं करू लागली. लांबवेणी म्हणून एक मुलगी होती, तिची आई मामांच्याच हाताखाली खोकी बांधायची. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही बाहेरून गुंडाळता. पण ही आतून पोकळ आहे ना? पोटात कागद कोंबा, तोटीतसुद्धा." मामांनी तीस वर्षांत हा विचार केला नव्हता. त्यांना फार लाज वाटली. पोरांनी वर्गातला मिळेल तो कागद गोळा केला आणि कोंबला. मग तेच खोकं चारदा पायऱ्यांवरून ढकललं, उघडून पाहिलं, पुन्हा बांधलं. मामांनी 'शाळेतल्या मुलांनी बांधलंय' अशी चिठ्ठी लावून ते तसंच विमानाने परदेशी धाडलं.

शनिवारी भाचीने टेबलाचा खण उघडला, तर लिहून ठेवलेला राजीनामा गायब. दुसरा लिहायला बसली, तोच कुणीतरी विचारलं, "बाई, खोकं पोचलं का?" सोमवारी तोच प्रश्न, मंगळवारीही तोच. शेवटी ती वैतागून मामांना म्हणाली, "निकाल कळू दे, मग मी जाते." पण खोकं कुठवर गेलं असेल ते दाखवायला नकाशा काढावा लागला, आणि नकाशाचे तास वाढतच गेले.

बाराव्या दिवशी मामा धापा टाकत वर्गात आले. हातात परदेशातल्या बाईंचं पाकीट. सहाच्या सहा धड. ऑर्डर मिळाली. आत एक चुरगळलेला कागदही होता आणि सोबत दोन ओळी: 'हा सहाव्या चहादाणीच्या पोटात सापडला. इथल्या एका जाणकाराकडून वाचून घेतला. यातलं एक वाक्य मात्र आम्हाला पटलं नाही.'

भाचीने कागद उलगडला. तिचाच राजीनामा. त्यातल्या एका वाक्याखाली रेघ होती: 'ही मुले पाच मिनिटेही एका कामात लक्ष देऊ शकत नाहीत.'

तिने लाल पेन घेतलं, वाक्यावर फुली मारली आणि समासात स्वतःला शून्य गुण दिले.

"हा कुणी कोंबला?" तिने विचारलं.

लांबवेणी उभी राहिली.

"एवढा कागद पडला होता. हाच कशाला घेतलास?"

"वाचला म्हणून," लांबवेणी म्हणाली.