रुप्याच्या काठीचा इतिहास

बर्फावरच्या हॉकीची माहिती असलेली बाई अख्ख्या मुलुंडात मी एकटीच असेन. बढाई म्हणून सांगत नाही. या माहितीचा शाळेत काही उपयोग नाही, शेजारीपाजारी तर नाहीच, आणि ज्याच्यासाठी ती गोळा केली त्यालाही झाला नाही.

माझा धाकटा भाऊ नंदकुमार चोपन्न साली कॅनडात गेला. इंजिनिअर आहे. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. त्याला वाढवलं मी, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून. तो राहतो ते गाव आमच्या वर्गातल्या नकाशात सापडत नाही. पत्रं येतात त्याची, नाही असं नाही. ‘ताई, मी मजेत आहे. थंडी फार आहे. गुडघ्यांना जप.’ एवढंच. तार करणारासुद्धा याहून ऐसपैस लिहितो.

माझ्या गुडघ्यांसाठी मात्र तो दर तीन-चार महिन्यांनी बोटीने माशाच्या तेलाच्या बाटल्या पाठवतो. फुटू नयेत म्हणून त्यांच्याभोवती वर्तमानपत्रं चुरगळून कोंबलेली असतात. आता आमच्या घरची सवय अशी, की वाण्याची पुडी सोडली की आधी कागद वाचायचा, मग डाळ डब्यात ओतायची. आमचे वडील, अप्पा, तसेच होते. त्यामुळे पहिलं पार्सल आलं तेव्हा बाटल्या राहिल्या बाजूला आणि मी ते कागद सरळ करून त्यांवर इस्त्री फिरवली.

पान खेळांचं होतं. त्यात एका म्हाताऱ्या बातमीदाराचं सदर. तिकडे पगारी खेळाडूंची एक छोटी लीग होती. हंगामात सर्वांत जास्त गोल करणाऱ्याला रुप्याची काठी मिळायची. बुटांना पाती लावून बर्फावरून घसरत जायचं आणि रबराची चकती जाळ्यात मारायची, असा तो खेळ. म्हातारा दर आठवड्याला एकेका वर्षाचा इतिहास सांगत होता.

दुसऱ्या पार्सलात पुन्हा तेच सदर. तिसऱ्यातही. तारखा पाहिल्या तर सात-आठ वर्षांपूर्वीच्या. म्हणजे कोणीतरी शोधून काढून जमवलेली पानं. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. नंदूला सरळ बोलणं कधी जमलंच नाही. सहावीत गणितात नापास झाला तेव्हा प्रगतिपुस्तक त्याने तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं, मला आपोआप सापडावं म्हणून. हेही तसंच असणार. लिहिता येत नाही, म्हणून पाठवतो. त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी एकटीसाठी शिरा केला.

भांडुपच्या खाडीकडून आमच्याकडे सोनूबाई मासळी घेऊन यायची. तिने पलंगावर पसरलेले कागद पाहिले.

“काय गो बाय, भावानं बोटीनं रद्दी धाडलीन? दे मना, बोंबील बांधाला.”

“हात लावू नकोस. इतिहास आहे तो.”

“कुनाचा?”

“काठीचा.”

ती हसत सुटली. हसू दे, म्हटलं. तिचे चारही मुलगे तिच्या घरात जेवत होते.

मी एक वही केली. सव्वीस साली पहिली काठी टेनंट नावाच्या गवळ्याला, चोवीस गोल. एकतीस साली खाण बंद पडली, पगार थकले, काठी दिलीच नाही. पास देणाऱ्याला या काठीत काही वाटा नसायचा. चकती पुढ्यात आणून द्यायची त्याने, नाव लागायचं गोल मारणाऱ्याचं. मी म्हटलं, हे तर आपल्या घरातलंच झालं की! हेही नंदूला लिहिलं, पण गमतीने. माझी पत्रं लांबत चालली. एअर लेटरची तिन्ही अंगं भरायची आणि कडेने उभं लिहायची वेळ यायची. टेनंटचा कान थंडीने खरंच झडला होता का? एकतीस साली त्या लोकांनी पोट कसं भरलं?

उत्तरात यातलं काही नसायचं. पण पुढचं पार्सल यायचं ना! सत्तावनच्या पावसाळ्यात आलं त्यात पस्तीस सालचा वृत्तांत होता. ओलाफसन आणि मॅकब्राइड, दोघांचेही एकतीस गोल. काठी एकच. मग ती कोणाला दिली, ते म्हातारा पुढच्या आठवड्यात सांगणार होता. मी नंदूला लिहिलं, ‘पुढचं पान पाठव रे लवकर, जीव टांगणीला लागलाय.’

या वेळी लांब पत्र आलं. तीन वर्षांतलं पहिलं.

‘ताई, कसली काठी आणि कोण ओलाफसन? मी तो खेळ एकदाही पाहिलेला नाही. पार्सल माझी घरमालकीण बांधते. तिचा नवरा वारला. त्याने ती पानं वर्षानुवर्षं जपली होती, ती तिला आता संपवायची आहेत. तुला चुरगळलेली रद्दी वाचत बसावं लागतं याची मला लाज वाटली. यापुढे चांगला कागद आणून मी स्वतः बांधीन.’

आधी मी चिडले. मग कळेना, चिडायचं कोणावर. त्याला माझी काळजी होती, हे तर पत्रात स्पष्टच होतं.

जानेवारीत पार्सल आलं. बाटल्यांभोवती पांढराशुभ्र, जाड, गुळगुळीत कागद. मी प्रत्येक ताव उलटसुलट करून पाहिला. कारखान्याचं नावसुद्धा नव्हतं. इतका सुंदर कागद मी जन्मात पाहिला नव्हता. तो मांडीवर घेऊन मी रडले. पस्तीस सालची काठी कोणाला मिळाली ते आता कधीच कळणार नाही, याचंही रडू त्यात होतं. खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी पोच लिहायला बसले. ‘नंदू, पार्सल मिळालं,’ एवढं लिहून थांबले. तीन वर्षांत मी याला काय काय विचारलं ते आठवू लागले. मेलेल्या गवळ्याचा कान विचारला. बंद पडलेली खाण विचारली. तू जेवतोस कुठे, रविवारी कोणाकडे जातोस, एकटं वाटतं का रे, हे एकदाही नाही. आणि सरळ बोलता येत नाही म्हणून नावं ठेवत होते त्याला.

मग लिहिलं, ‘संध्याकाळी कामावरून आल्यावर तू काय करतोस, ते मला लिही. मी इथे काहीच करत नाही. तुझी फार आठवण येते.’

पुढे काही सुचेना. एवढंच लिहून चिकटवलं आणि स्टेशनाजवळच्या पोस्टात टाकून आले. त्याला आता दोन महिने होतील. एअर लेटरला जायला दहा दिवस लागतात आणि यायला दहा.