वाट्याची गोळी

नवऱ्याच्या मुतावर ध्यान ठेवायचं काम कुन्या बाईच्या नशिबी येऊ नये. माझ्या आलं. तवा हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती. आमच्या तांड्यावरून दवाखान्यात जायचं म्हंजे डोंगरकडा गावापर्यंत पायी अन् फुडं जीपला लोंबकळत. माझं माणूस, बाबूसिंग, खोकून खोकून वाळून गेलं होतं. थुंकी तपासली, टीबी निघाला. महिन्याच्या गोळ्या एकदमच हातात दिल्या अन् सिस्टर म्हनली, "मिराबाई, ह्यातल्या लाल कॅप्सूलनं लघवी केशरी होते. रक्त नाही ते, घाबरू नका. उलट केशरी दिसली की समजा, गोळी पोटात गेली."

बस, मला तेवढंच पायजे होतं. औषध म्हनलं की आमचं माणूस पक्कं चोर. सकाळी उपाशीपोटी गोळ्या अन् पान्याचा तांब्या मी आतूनच द्यायची. ते घेऊन आमच्या लेकीचा, शितलचा बाप ओट्यावर जायचे, तिथं त्यांचा बाप बसलेला असायचा. आमच्यात सून सासऱ्याम्होरं तोंड दाखवत न्हाई, बोलत न्हाई. पदर फुडं ओढायचा अन् काय सांगायचं ते नवऱ्याच्या तोंडून. शितल लग्नाला आली तरी सासऱ्याला, नरसिंगमामाला, माझा आवाज म्हाईत नव्हता. मग गोळी गिळली का न्हाई ते बघायचं कसं? दुपारी ते गोठ्यामागं जाऊन आले की मी मागून जायची अन् तिथला पांढरा दगड बघायची.

जावा हसायच्या. ते तर लई चिडायचे, "आता मुतायलाबी तुला इचारून जाऊ का?"

"व्हय, इचारून जा," मी म्हनायची. शेत बघा, ढोरं बघा, लेकरं बघा, अन् वरून हे. जीव निस्ता आंबून गेला होता.

पहिले महिने बरे गेले. अंगावर जरा मांस चढलं, राती झोप लागाया लागली. मंग एक दिवस दगड केशरी, तर दुसऱ्या दिवशी पानी पडल्यावानी फिक्का. असंच चाललं.

"काहून फिक्का हाय आज?"

"पानी लई पेलो."

"गोळी कुठं फेकली तुमी?"

"एकबी गोळी फेकली न्हाई. शितलची आन."

लेकीची आन घेतली, म्हनून मी इश्वास ठेवला.

मंग एकदा वड्यावर धुनं धुताना सासऱ्याचं धोतर हाताला आलं. त्या पांढऱ्या धोतरावर केशरी डाग. माय गं! माझे हात तिथंच थांबले. म्हातारा बी खोकायचा, पर समदे म्हनायचे बिडीचा खोकला हाय. सून इचारनार कशी, अन् कोनाला?

धुनं तसंच टाकून घरी आले. "बापाला देऊन राहिले व्हय तुमी?"

ते खाली बघत म्हनले, "तो बी माझ्यावानीच खोकून राहिला. दवाखान्यात चल म्हनलं तर हालत न्हाई. बोकड कापलं तर तांड्यात घरटी वाटा जातो, मिरा. अन् जगायची गोळी मी एकट्यानं खाऊ? बाप समोर बसलेला असताना? एक दिवस मी घेतो, एक दिवस त्याला देतो. ताकतीची हाय म्हनून सांगितलं."

काय बोलावं असल्या मानसाला! डोस्कं फोडून घ्यावं वाटलं अन् रडूबी आलं.

पदर फुडं ओढून, ह्यांच्याच तोंडून सासऱ्याला हलवलं अन् दोघांला बी दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं कपाळावर हात मारला. "अहो, औषधाचे वाटे करतात का? अर्ध्या गोळ्यांनी जंतू मरत नाही. उलट तो औषध ओळखायला शिकतो. आता बाबूसिंगच्या अंगातला जंतू ह्या गोळ्यांना दाद देत नाही." म्हाताऱ्याचा आजार अजून मुरला नव्हता. त्याच्या नावानं त्याच्या गोळ्या निघाल्या. ह्यांना रोज सुया.

त्या सुयांनी कान वाजाया लागले. चालताना तोल जायचा, भित धरून फिरायचे. मी बोलले की म्हनायचे, "जोरात बोल." आजार मातर जागचा हालला न्हाई. तुरी काढायच्या दिवसात गेले.

त्याच्यानंतर मला कशाचीच फिकीर राहिली नव्हती. धुनं काढायचं म्हनून काढलं, तर सासऱ्याचं धोतर पांढरंफेक. दुसऱ्या खेपेलाबी तसंच. शितलच्या तोंडून सांगून बघितलं, "गोळ्या घ्या म्हनावं." म्हाताऱ्यानं तिला सांगितलं, "त्याचा वाटा मी खाल्ला. आता अजून काय खाऊ?"

घरात खोकला पुन्हा सुरू झाला. तोच खोकला, त्याच ओट्यावरून.

एका सकाळी गोळ्या अन् तांब्या घेतला अन् मीच भाईर गेले. मधी बोलनारं मानूस तर गेलं होतं. पदर मागं सारला.

"मामा."

म्हातारा दचकला. त्यानं मान फिरवली, माझ्याकडं बघू का नको असं झालं त्याला.

"इकडं बघा. तुमी त्यांचा वाटा खाल्ला, व्हय, खाल्ला. मला लई राग हाय तुमचा. पर तुमी जगावं म्हनून दिला त्यांनी. आता तुमी बी असेच मेले तर माझं मानूस फुकट गेलं. तोंड उघडा."

त्यानं तोंड उघडलं. गोळ्या मी त्याच्या जिभेवर ठेवल्या, पानी पाजलं, अन् गिळूस्तर तिथंच हुभी राहिले.

दुपारी सवयीनं पाय गोठ्यामागं गेले. म्हातारा त्यांच्याच जागी जाऊन आला होता. दगड केशरी होता. तिथंच खाली बसले अन् ते गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडले.