नदी पाठ असलेला माणूस

आमच्या ह्यांना वाशिष्ठी नदी पाठ आहे, असं त्यांचं स्वतःचं मत. उभी नोकरी पोफळीच्या वीजघरात गेली, कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर. कोयनेचं पाणी डोंगराच्या पोटातल्या मशीनवरून खाली येतं आणि वाशिष्ठीला मिळतं. त्यामुळे भर मे महिन्यातही आमची नदी चढते-उतरते ती मुंबईच्या दिव्यांवर. तिकडे लोकांनी बटणं दाबली की इकडे पाणी वाढतं. हे मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगण्यात आलं, आणि सांगण्याचा थाट असा की नदी ह्यांच्या वडिलांनी खणलीय.

रिटायर होऊन आम्ही चिपळूणला फ्लॅट घेतला. दोन खोल्या, पंखा, चोवीस तास पाणी. आणि यंदा सुट्टीत मुलगा, केतन, ठाण्याहून आला तो तंबूचं बुकिंग करूनच. घरचा पलंग सोडून पैसे देऊन नदीकाठी जमिनीवर झोपायचं! मी तोंड उघडलं तशी सूनबाई म्हणाली, "आई, मजा असते." रसिका गोड बोलते, तिच्याशी भांडताच येत नाही. मी गुपचूप गोधड्या बांधल्या.

जागा चिपळूण-पोफळी रस्त्यापासून आत, एका काजूच्या बागेत. बाग चंपाची. नवरा बाजारहाट करतो, ही जेवण रांधते आणि तंबू सांभाळते. समोर नदी आणि पलीकडच्या उतारावर गुहा. लेणी आहेत असं ऐकून मी पिशवीत सोनचाफ्याची फुलं घेतली होती, बुद्धमूर्तीच्या पायाशी ठेवायला. तर चंपा म्हणाली, "मूर्ती-बिर्ती काय नाय हो वैनी. माणसं रानात फिरायची, कपडे नव्हते अंगावर, तेव्हाची हायत ती. दगडाची हत्यारं गावली म्हणून मोठे लोक बघून गेले." मी फुलं तंबूत उशाशी ठेवली. वास तरी येईल.

सानवीला मात्र आदिमानवाचं घर बघायचंच होतं. आठ वर्षांची आहे, हट्टाला आजोबांवर गेलीय. दुपारी जेवणं झाली, केतन तंबूत घोरायला लागला आणि आजोबा-नात निघाले. नदीत ठिकठिकाणी खडक उघडे पडले होते, मध्ये जेमतेम घोट्याएवढं पाणी.

"ऊन उतरू दे की," मी म्हटलं.

"अगं, दुपारीच जायला हवं. दिवेलागणीशिवाय पाणी वाढत नाही. तोवर आम्ही परत येऊन चहा प्यालेले असू."

"कुणाला तरी विचारा एकदा."

"मला नदी शिकवतेस, मैना?" असं म्हणून पॅन्ट दुमडून गेलेसुद्धा. मी वाद घातला नाही. म्हणजे घातला, पण ते ऐकू येण्यापलीकडे गेले होते.

मी काठावर जेवणाची ताटं घासायला बसले. पलीकडे दोघं चढून गुहेत शिरताना दिसली. सानवीची लाल टोपी थोडा वेळ दिसली आणि मग आत गेली. मी आपली राखेने ताटं घासतेय, शेजारच्या खडकावर पालथी घालतेय. शेवटचं ताट ठेवायला वळले तर पहिली दोन तरंगत निघालेली.

आधी मला वाटलं, मीच पाण्याजवळ ठेवली असतील. मग पायाला गार लागलं. नदीच्या मधले खडक एकेक करून नाहीसे व्हायला लागले होते आणि इतका वेळ न येणारा आवाज यायला लागला होता. मी अशी ओरडले की चंपा हातातली पळी घेऊन धावत आली.

"पाणी कसं काय चढलं? दिवस आहे अजून!"

"हल्ली दुपारचंच चढतं कधी कधी," चंपा म्हणाली. "मुंबईत ते थंडीचे डबे लावतात ना घरोघर, त्याला लाइट लय लागते म्हणे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"साहेबच म्हणाले, मला नदी पाठ हाय. पॉवर हाऊसचा माणूस! त्यांना मी काय सांगू?" बिचारीचा चेहरा पडला. मला तिचा राग येईना. मी तरी उभ्या जन्मात त्यांना काय सांगू शकले होते?

केतन उठून आला, पाणी बघितलं आणि चपला न घालताच गाडीकडे पळाला. खालच्या पुलावरून फिरून पलीकडच्या गावात जायचं आणि तिथून डोंगर उतरून गुहेपर्यंत यायचं. तासभर तरी जाणार होता. पण हरकत नव्हती. गुहा चांगली उंचावर होती, पाणी काही तिथे पोचत नव्हतं. दोघं आत बसून राहिली असती तर भ्यायचं कारणच नव्हतं.

पण मी त्या माणसाबरोबर संसार केलाय. आमचे हे चुकीच्या गाडीत बसले तर शेवटच्या स्टॉपपर्यंत जातील, पण मध्ये उतरणार नाहीत. दिवेलागणीशिवाय पाणी वाढत नाही म्हणाले ना, मग हे पाणी वाढलेलं नाहीच. ते येणार. पोरीचा हात धरून येणार.

आणि आलेच. गुहेतून बाहेर पडले, पाणी बघितलं, जरा थांबले. मग पॅन्ट आणखी वर दुमडली आणि सानवीला खांद्यावर घेतलं.

"बाबा, नको!" रसिका किंचाळली. मी तर पदर हवेत फिरवत, हातवारे करत, होतं नव्हतं ते सगळं बोलले. मागे जा, केतन येतोय, तिथेच बसा. मग आणखीही बरंच काही बोलले, ते इथे सांगण्यासारखं नाही. पाण्याच्या आवाजात त्यांना काय ऐकू जाणार! त्यांनी उलट हात हलवला, 'आलोच' म्हणून. आणि पाण्यात उतरले.

पाणी पोटऱ्यांपर्यंत. मग गुडघ्यापर्यंत. गुडघ्यापासून पुढे मला नीट आठवत नाही. सानवीने त्यांचं कपाळ दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं, तेवढं दिसत होतं. ते जरासे कलंडले आणि सावरले. माझा आवाज तिथे संपला. मी मटकन खाली बसले, पाण्यातच. रसिका माझा दंड धरून "आई, आई" करत होती आणि मला तिला ओसुद्धा देता येईना. आयुष्यात इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

ते तिथेच उभे राहिले. मांडीएवढ्या पाण्यात, आमच्याकडे बघत. पुढे येईनात, मागेही जाईनात. मग हळूच एक पाय मागे घेतला. मग दुसरा. चाचपडत, पाठ न वळवता मागे गेले. काठावर पोचल्यावर सानवीला उतरवलं आणि वर गुहेच्या तोंडाशी नेऊन बसवलं. नंतर एकटेच खाली खडकापर्यंत आले, आम्हाला नीट दिसेल असे उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले.

आमच्या ह्यांनी! कॉलनीत ज्यांच्या पुढ्यात ज्युनियर इंजिनियर 'ब्र' काढत नसत, ते उघड्या नदीकाठी कान धरून उभे होते. वरून सानवीनेही बघून आपले कान धरले, तिला वाटलं खेळ आहे. रसिका हसली की रडली कळलं नाही. मी मात्र भोकाड पसरलं, लाजबीज सगळी सोडून. चंपाने पळी खाली ठेवून मला उठवलं. छातीवरचं ओझं उतरलं म्हणतात ते काय असतं ते मला तेव्हा समजलं.

केतन दोघांना घेऊन आला तेव्हा ऊन कलत होतं. सानवी गाडीतून उतरल्यापासून जी बोलत सुटली ती थांबेना. गुहेत वटवाघळं होती, आजोबांनी तिला आदिमानवासारखं शिकार करायला शिकवलं, नदीत घोडा-घोडा खेळले. तिला घाबरायचं ठाऊकच नव्हतं. मी तिला पोटाशी धरून इतकी कुरवाळली की शेवटी तीच वैतागली आणि आईकडे पळाली.

ह्यांना मी टॉवेल दिला. चहा दिला. रागवायचं सगळं माझ्याकडे तयार होतं, पण घशाच्या वर काही येईना. चुलीशी बसून आम्ही दोघं नुसता चहा पीत राहिलो. बराच वेळ ते माझ्याकडे चोरून बघत होते.

"बरं वाटत नाही का तुला?"

मी मान हलवली.

"मग बोल की काहीतरी."

"पुढे जायचे थांबलात कसे?" मी विचारलं. "पाय घसरला म्हणून?"

"घसरला, पण त्याने नाही थांबलो. पोचलो असतो मी." जातो कुठे स्वभाव! पण मग त्यांनी कप खाली ठेवला. "तू ओरडत होतीस तोवर मला काही वाटलं नाही. ओरडतेस म्हणजे सगळं ठीक आहे. वीजघरात मशीनचा आवाज चालू असतो तोवर माणूस निवांत डबा खातो, तसं. आणि तू एकदम गप्प झालीस, मैना. खाली बसलीस. मी तुला अशी कधी बघितली नव्हती. म्हटलं, काहीतरी भयंकर होतंय. मग लक्षात आलं, ते मीच करतोय."

मला पुन्हा रडू येणार होतं, पण त्याऐवजी माझा गळा मोकळा झाला. मग मी सुरुवात केली. आठ वर्षांची पोर खांद्यावर, साठी उलटलेले गुडघे, वाहून गेलेली चंपाची दोन ताटं, रिटायर झाल्यावरही न सुटलेली साहेबी, काही म्हणून सोडलं नाही. रसिकाने तंबूतून डोकावून बघितलं आणि परत आत गेली.

हे चूल पुढ्यात घेऊन ऐकत होते. चेहऱ्यावरचा ताण हळूहळू उतरत गेला, पाठ मागच्या काजूला टेकली. मी श्वास घ्यायला थांबले तसे म्हणाले, "थांबू नकोस. बोल अजून."