कानाझावाच्या हॉटेलात टाकून दिलेली वहाण

मित्रांनो, मी एक जुनी वहाण आहे आणि मी रागात आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्याकडून गोड गोष्टीची अपेक्षा तुम्ही ठेवणार नाही. खरं तर आम्ही दोघी आहोत, डावी आणि उजवी. बोलते ती मी, उजवी. डावी पहिल्यापासून अबोल.

बेल्ह्याच्या बाजाराजवळ सुभाषमामांचं दुकान आहे, तिथे माझा जन्म झाला. मामांनी जाड कातड्यावर एका मेंढपाळाचा पाय ठेवायला लावला, खडूने त्याची रेघ ओढली आणि त्या रेघेवरून मला कापलं. खाली ट्रकच्या टायरचा तळ ठोकला. तो पाय पिंपरी पेंढारच्या धर्माजींचा होता. दुसऱ्या कुणाच्या पायाला मी कधी नीट बसलेच नाही.

मग आम्ही चाललो. मेंढरांच्या मागे, माळावरून, काढलेल्या कांद्याच्या वावरातून, डांबरी रस्त्याच्या कडेकडेने. बाभळीचे काटे माझ्यात घुसले, धर्माजींच्या पायात गेले नाहीत. धर्माजींची बायको गजराबाई आम्हाला एरंडेल चोळून उन्हात ठेवायची आणि म्हणायची, "ह्यांच्या जिवावर माझा धनी चालतोय." ती गेली तेव्हापासून आम्हाला तेल लावणारं कुणी उरलं नाही. धर्माजी दिवसभर मेंढरांशी बोलायचे. त्यातल्या त्यात बांडी नावाच्या मेंढीशी. काळ्या अंगावर पांढरा पट्टा होता तिच्या. ती पुढे निघाली की सगळा कळप मागे निघायचा.

धर्माजींचा मुलगा गोरक्ष. चाकणच्या एका कंपनीत लागला आणि कंपनीने त्याला जपानला पाठवलं. बायको ऋतिका मंचरची, घरांची अंतर्गत सजावट शिकलेली. ती दोघं तिकडे राहिली आणि बापाला सारखी बोलावत राहिली. धर्माजी म्हणायचे, "मेंढरं कुणावर सोडू?" शेवटी चुलतभाऊ दादाभाऊंनी मेंढरं सांभाळायचं कबूल केलं आणि म्हातारा निघाला. विमानतळावर गोरक्षने पाठवलेले बूट त्यांच्या पिशवीत होते. पायात मात्र आम्ही होतो.

सासऱ्यांना जपान दाखवताना उतरायला म्हणून कानाझावा नावाच्या शहरात ऋतिकाने एक छोटं हॉटेल निवडलं होतं. एका जुन्या लाकूड व्यापाऱ्याच्या घराचं हॉटेल केलेलं, मोजक्याच खोल्या. दारातच दगडी फरशी, तिथे पायातलं काढायचं आणि लाकडी पायरी चढून आत जायचं. आत मातीने लिंपलेल्या राखाडी भिंती. दिवे कुठे आहेत ते दिसायचं नाही, नुसता उजेड दिसायचा. एका कोनाड्यात एकच मडकं आणि त्यात एकच फांदी. एकही वस्तू उगाच ठेवलेली नव्हती.

धर्माजींनी भिंतीला तळवा लावला. "ही मातीच हाय का गं?"

"मातीच आहे आबा. भाताचा पेंढाही घातलाय तिच्यात."

"मग आपलंच घर हाय की. लई झ्याक केलंय."

ऋतिका इतकी खूश झाली की तिने हॉटेल सांभाळणाऱ्या हारुकाला ते लगेच सांगितलं. हारुका वाकून हसली. मग ती दगडी फरशीवर बसली, आम्हाला दोन्ही हातांनी उचललं आणि आमची तोंडं दाराकडे करून ठेवली. पाहुण्याला बाहेर निघताना सोपं जावं म्हणून तिथे तसं ठेवतात. मित्रांनो, आजवर मला लोकांनी पायानेच सरकवलं होतं. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

गोरक्षला मात्र बरं वाटलं नाही. आमच्या शेजारी पाहुण्यांचे स्वच्छ बूट ओळीने होते आणि आमच्या शिवणीत पिंपरी पेंढारची माती होती. मेंढरांचा वासही असणार, मी नाकारत नाही. एक जोडपं आत आलं. त्यातल्या बाईने आमच्याकडे पाहिलं, बस, नुसतं पाहिलं. गोरक्षचे कान लाल झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आबा आंघोळीला गेल्यावर, त्याने आम्हाला प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलं आणि हारुकाच्या हातात दिलं. तिने काहीतरी विचारलं. त्याने मान डोलावली. तिने पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा मान डोलावली आणि कचरापेटीकडे बोट केलं.

मला पायात घालून त्याचा बाप बाजाराला जायचा. त्या बाजाराच्या पैशांवर हा शिकला. पिशवीची गाठ बसली आणि मी आतल्या आत नुसती जळत राहिले. तेव्हा मला कळलं नव्हतं की हा सगळ्यात लहान अपराध आहे.

आंघोळ करून आलेल्या बापाला तो म्हणाला, "आबा, वहाणा दुरुस्तीला दिल्यात. आज हे बूट घाला." धर्माजींनी मुकाट बूट घातले. दुपारी परत आले ते लंगडत. दोन्ही टाचांना फोड आले होते. ते लाकडी पायरीवर बसले आणि तेवढ्यात फोन वाजला. हारुकाच्या टेबलामागे पडलेल्या पिशवीतून मला सगळं ऐकू येत होतं. फोनवर दादाभाऊ मोठ्याने बोलत होते.

"भाऊ, टेम्पो भरून गेला बरं का. पण कोकरं मागं ऱ्हायली, ती लई वरडत्यात. त्यांचं काय करायचं?"

"कसला टेम्पो?"

"आरं, मेंढरांचा. गोरक्षनं गिऱ्हाईक धाडलं न्हाई का? म्हणला, आबांनीच सांगितलंय, इकायची म्हणून."

धर्माजींनी फोन मांडीवर ठेवला. ओरडले नाहीत. "गोरक्ष," ते म्हणाले, "हिकडं ये. माझ्या म्होरं उभा ऱ्हा."

गोरक्ष आला. त्याला लगेच कळलं.

"आबा, मी तुमच्यासाठीच केलं. बिबट्या अंगणात येतो. मागच्या महिन्यात मेंढरांभोवतीची वाघूर फाडून कोकरू नेलं. तुम्ही एकटे त्या जाळीशेजारी झोपता. इथं मला रात्री झोप लागत नाही."

"मग मला सांगायचं."

"सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं का?"

"न्हाई ऐकलं असतं. माझी मेंढरं हायेत ती. म्हणून मला हितं आणून बशिवलंस? मातीच्या भिंती दावायला? मागं मेंढरांचा वाडा मोकळा करायला?"

ऋतिका दारात उभी होती. "गोरक्ष, हे खरं आहे? मी एवढं हॉटेल शोधलं, त्यांना आवडेल म्हणून एकेक गोष्ट पाहिली, आणि तू मला यात वापरलंस?"

धर्माजी उठले. "माझ्या वहाणा आण. मी चाललो."

"आबा, त्या… त्या मी टाकल्या. फार जुन्या झाल्या होत्या."

त्या शांत, सुंदर घरात धर्माजींचा आवाज पहिल्यांदा चढला. "आणि मी? मी किती जुना झालोय, त्याचा कधी हिशेब लावणारेस?"

हारुकाला शब्द कळले नसतील. पण ती टेबलामागे गेली आणि पिशवी घेऊन आली. पाहुणा घरी जाईपर्यंत त्याची वस्तू त्या हॉटेलात टाकत नाहीत, असं ऋतिकाने नंतर सांगितलं. हारुकाने गाठ सोडली आणि आम्हाला धर्माजींच्या पायांपुढे ठेवलं. फोड आलेले पाय त्यांनी आमच्यात घातले.

तिथेच उभं राहून त्यांनी गोरक्षला व्यापाऱ्याला फोन लावायला लावला. टेम्पो बेल्ह्याच्या बाजारात पोचला होता. दादाभाऊ मोटरसायकल काढून मागे धावले, लोकांशी भांडले आणि बहुतेक मेंढरं परत आणली. पण काही तोवर हातोहात विकली गेली होती. बांडी त्यांत होती.

धर्माजी ठरल्यापेक्षा लवकर परतले. बांडीचं कोकरू आवाज बसेपर्यंत ओरडत होतं. ते बाटलीचं दूध घेईना. धर्माजींनी त्याला घोंगडीत घेऊन चमच्याने पाजलं. गोरक्षचे फोन येत राहिले. ते उचलत नव्हते.

दिवाळीत गोरक्ष आला. पाया पडायला वाकला तर धर्माजी मागे सरकले. "आधी बांडी हुडक," ते म्हणाले. "कुणी नेली, कुठं हाय, जित्ती हाय का, ते मला सांग." मग बापलेक बाजारोबाजार फिरले. बेल्ह्यात गोरक्ष एकेका व्यापाऱ्यापुढे उभा राहून विचारत होता, काळी, अंगावर पांढरा पट्टा, पाहिलीत का? काही हसले. एकाने सांगितलं, "आवं राव, खाटकाकडं गेलं ते का आता सापडतंय?" माझ्यावरचा धर्माजींचा भार एकदम वाढला.

घरी परतताना गोरक्ष रडवेला झाला होता. "आबा, चुकलं माझं."

"चूक मानसाकडनं व्हती," धर्माजी म्हणाले. "तू चुकला न्हाईस. तू इचारलं न्हाईस."

धर्माजी पुढे चालत राहिले आणि तो मागे.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी सांगतात की आम्हाला जपा, तेल लावा, उन्हात ठेवा. मी तसं सांगणार नाही. मी झिजले आहे, एक दिवस मला टाकावंच लागेल आणि त्याचा मला राग नाही. पण तुमच्या घरात कुणाची जुनी वस्तू असेल, जुनं जनावर असेल, जुनी सवय असेल, आणि ती तुम्हाला नकोशी झाली असेल, तर तिला हात लावण्याआधी त्या माणसासमोर बसा आणि विचारा. तो नाही म्हणाला, तर ते नाही ऐकून घ्या.