सहा तास पाय सरळ

गॅरेजमध्ये दादाचा शब्द खाली पडत नसे. पडलाच, तर पाठोपाठ पाना यायचा. वडील गेल्यापासून धाकट्या भावाने त्या पान्याचा मार खाल्ला होता. आता तो चाळिशीला आला तरी दादाचा हात आवरला नव्हता.

त्या दादाच्या यकृतात कॅन्सरची गाठ निघाली. मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली, कापून काढता न येणारी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जांघेतल्या धमनीतून बारीक नळी थेट गाठीपर्यंत न्यायची, औषध सोडायचं आणि तिचा रक्तपुरवठाच तोडायचा."

"म्हणजे उपाशी मारायची," दादा म्हणाला. त्याला ते पटलं.

दुपारी नळीचं काम नीट पार पडलं. नर्सने दोघांना बजावलं, "सहा तास पाय सरळ. उठायचं नाही. भोक धमनीला आहे, चेष्टा नाही."

दोन तासांतच दादाचं डोकं फिरलं. पोटात आग पडली होती, लघवीला लागली होती. धाकट्याने पुढे केलेलं भांडं त्याने भिरकावलं. "मी काय लुळा आहे?"

"दादा, पडून राहा ना..."

स्टीलची बाटली धाकट्याच्या तोंडावर बसली. दात तुटल्याचा आवाज त्याला आतूनच ऐकू आला. दादा गुडघा मोडून उठला आणि चादर बघता बघता लाल झाली.

धाकट्याने त्याला छातीवर रेटून आडवा पाडला, दोन्ही हातांनी जांघ दाबली, अख्ख्या अंगाचा भार टाकला. बोटांखाली रक्त उसळ्या मारत होतं. "सिस्टर!" तो ओरडला. दादाचा गुद्दा त्याच्या कानशिलावर बसला. दुसरा नाकावर.

धाकटा रक्त थुंकून म्हणाला, "आणखी एकदा हात उचललास, तर मीही उचलीन."

दादाने आपल्या जांघेकडे पाहिलं. वर गेलेली मूठ तिथेच थबकली, मग गादीवर पडली.

नर्स धावत आली आणि तिने जांघ आपल्या हाताखाली घेतली. रक्त थांबायला वीस मिनिटं लागली.

महिन्याभराने स्कॅनमध्ये गाठ अर्धीअधिक मेलेली दिसली. उरलेलीसाठी पुन्हा नळी घालायची ठरली.

"सोबत कोण?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. धाकटा पुढे झाला.

"तू नको," दादा त्याच्याकडे न बघताच म्हणाला. "तुझी वहिनी येईल."

धाकटा मागे सरकला. मार त्याच्या अंगवळणी पडला होता. आतून पोखरत होतं ते दुसरंच. ती नुसती धमकी नव्हती. त्याने खरंच जांघेवरचे हात काढले असते, आणि दादाने ते ओळखलं होतं.